यादीतून सुटलेलं काम

दूध संघाचा आखणीवाला आला त्या सकाळी काकींनी कॅनची झाकणं हुंगली नाहीत. सचिवांनी आदल्या संध्याकाळीच बजावलं होतं, की शहरातला शिकलेला माणूस येतोय, त्याच्यासमोर ते झाकणाला नाक लावणं तेवढं करू नका, बरं दिसत नाही. काकींना ते लागलं. पण सचिवांशी वाद घालायचा म्हणजे अर्धा दिवस घालवायचा, म्हणून त्या गप्प बसल्या.

एकोणीस वर्षं त्या दूध संस्थेत होत्या. सकाळ-संध्याकाळ पत्र्याच्या शेडमध्ये त्रेचाळीस सभासदांची रांग लागायची. सभासद कॅन खाली ठेवायचा, झाकण उघडून उलटं करून काकींच्या हातात द्यायचा. त्या ते नाकाशी न्यायच्या आणि 'घाला' म्हणायच्या, नाहीतर 'बाजूला' म्हणायच्या. बाजूला म्हटलं की माणूस मुकाट्याने कॅन उचलून घरी न्यायचा आणि ते दूध घुसळायला लावायचा. दूध हुंगण्यात अर्थ नाही, ते हिंदकळलं की वास मोडतो, झाकणाला मात्र तो धरून राहतो, हे त्यांना सासूबाईंनी शिकवलं होतं. काकींना पडसं झालं तर त्यांच्या जागी सासूबाईच काठी टेकत यायच्या आणि खुर्चीवर बसून झाकणं तपासायच्या. त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

आखणीवाला चांगला मुलगा निघाला. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, पण बोलणं नम्र. त्याने टेबलावर मोठा कागद पसरला आणि पिशवीतून रंगीत पेनं काढली. संस्थेत मोठा बदल व्हायचा होता. आजवर प्रत्येकाचा कॅन वेगवेगळा टेम्पोतून जायचा, आता शेडमध्येच मोठी गार टाकी बसणार होती. सगळ्यांचं दूध एकत्र त्या टाकीत पडणार, तपासणी यंत्र करणार आणि दिवसाआड टँकर येऊन दूध ओढून नेणार. बदल करायचा तर आधी आज कोण काय करतं ते नीट लिहून काढावं लागतं, असं त्याने सांगितलं, आणि ते खरंच होतं.

"काकी, तुम्ही दिवसभरात काय काय करता ते एकेक सांगा. काही सोडू नका," तो म्हणाला.

काकींनी बोटं मोजत सांगितलं. शेड झाडते, पाणी तापवते, दूध मापते, ढवळते, नमुना काढते, वहीत मांडते, कॅन धुते. त्याने सात कामं हिरव्या पेनाने लिहिली.

"आणखी?"

काकींनी सचिवांकडे पाहिलं. सचिव छताच्या पंख्याकडे पाहत होते.

"आणखी काही नाही," काकी म्हणाल्या.

खरं सांगायचं तर ते काम आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. आणि आठवलं तरी त्या स्वच्छ कागदावर, त्या सुरेख अक्षरात, 'झाकण हुंगते' असं लिहायला सांगायची त्यांना लाज वाटली असती. कुत्र्या-मांजरांसारखं नाक लावते म्हणून हसला असता पोरगा, असं त्यांच्या मनात आलं.

महिन्याभरात टाकी आली. शेडच्या भिंतीवर नवा तक्ता लागला, त्यात कामं, माणसं आणि तारखा. जुन्या सात कामांपैकी चार यंत्राने घेतली, पाणी तापवणं विजेवर गेलं. काकींच्या नावापुढे राहिलं झाडणं आणि धुणं. यंत्रावर सचिवांच्या सुनेची नेमणूक झाली. ती संगणक शिकलेली होती, वागायला गरीब होती आणि काकींना पाहिलं की उगीचच खाली बघायची. दोन महिने चाचणीचे होते. टाकी नीट चालली तर राहणार, नाहीतर संघ ती उचलून पुढच्या गावाला देणार, आणि इथलं दूध घ्यायला मग कोणीच येणार नव्हतं. हे आखणीवाल्याने कुणालाही न घाबरवता, पण दोनदा सांगितलं.

घरी काकींनी हे सांगितलं तेव्हा नवरा गाईच्या पायाशी बसून धारा काढत होता. त्याचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी गाईनेच लाथ मारून कामातून घालवला होता, तेव्हापासून तो पाय लांब करून बसायचा.

"धुवायला का होईना, ठेवलं ना? झालं तर," तो म्हणाला.

काकींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चार गाई, हा गुडघा आणि आंधळ्या होत चाललेल्या सासूबाई, असं घर डोळ्यांसमोर आलं आणि त्या शेण ओढायला लागल्या. सासूबाई दाराशी बसल्या होत्या.

"आणि वास कोण घेणार?" त्यांनी विचारलं.

"यंत्र आहे आता, आई."

"त्याला पडसं होत नाही का?"

"नाही होत."

"मग बरंय बाई," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

टाकी धुणं हे काही कॅन घासण्यासारखं नव्हतं. वरच्या गोल तोंडातून कमरेपर्यंत आत वाकायचं, डोकं खाली, आणि लांब दांड्याच्या ब्रशने तळाचे कोपरे घासायचे. आत आपलाच श्वास आपल्याला ऐकू यायचा. सोड्याच्या पाण्याने पहिल्या आठवड्यात बोटांची सालं निघाली, दुसऱ्या आठवड्यात नखांच्या कडा फाटल्या. मग नळ्या, गाळण्या, बादल्या, जमीन. घरी परतायला उशीर व्हायचा. घरचा कॅन पूर्वी काकी स्वतः उकळत्या पाण्याने धुवायच्या, तो आता नवरा धुवायला लागला. तसं ठरवून झालं नव्हतं. त्या नसायच्या आणि कॅन तर दोन्ही वेळेला लागायचा.

पहिले पंधरा दिवस सगळं सुरळीत गेलं. यंत्र नमुना ओढायचं, आकडे दाखवायचं, चिठ्ठी बाहेर टाकायचं. लोक चिठ्ठीकडे पाहून खूश व्हायचे. मग ऊन वाढलं. पत्रा सकाळी आठलाच तडतडायला लागला, गाई तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागल्या. अशा दिवसांत दूध किती लवकर फिरतं हे काकींना पाठ होतं.

त्या जमिनीवर पाणी मारत होत्या. मोठ्या गोठेवाल्याने, म्हणजे ज्याच्याकडे तीस गाई होत्या आणि संस्थेत ज्याचा शब्द खाली पडत नसे त्याने, कॅन उघडून झाकण कठड्यावर ठेवलं. काकींचं नाक आपणहून तिकडे वळलं.

"हे बाजूला ठेवा," त्या म्हणाल्या. तोंडून निघून गेलं.

रांग थांबली. सचिवांच्या सुनेने नमुना लावला. यंत्राने दूध उत्तम म्हणून चिठ्ठी टाकली, त्या दिवशीच्या रांगेतलं सगळ्यांत चांगलं. मोठ्या गोठेवाल्याने ती चिठ्ठी काकींच्या डोळ्यांपुढे धरली.

"काकी, तुमचं काम घासायचं. घासा," तो म्हणाला, आणि रांग हसली. रांगेत काकींचा नवराही होता. तो हसला नाही, पण बोललाही नाही.

सचिवांनी काकींना सगळ्यांदेखत तक्त्यासमोर नेलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "वाचा. तपासणी कोण करतं?" काकींना वाचता येत होतं. त्यांनी वाचलं. "यंत्र." "आणि धुलाई?" त्यांनी स्वतःचं नावही वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी टँकरवाल्याने दूध बिनतक्रार नेलं. दूध नुकतंच फिरायला लागलं होतं आणि टाकीच्या गारव्याने ते धरून ठेवलं, असं काकींना मनोमन वाटलं. पण सांगणार कुणाला. मोठा गोठेवाला आठवडाभर तो किस्सा रंगवून सांगत होता. त्यानंतर कुणी झाकण उघडलं की काकी मान दुसरीकडे वळवायला लागल्या. नाक बंद करता येत नाही, पण पाठ फिरवता येते.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उन्हाने कहर केला. एका सकाळी टँकरवाला आला, त्याने टाकीतून चमचाभर दूध काचेच्या नळीत घेतलं आणि आपल्या छोट्या बर्नरवर धरलं. तो नेहमीच तसं करायचा. ताजं दूध उकळून वर येतं, फिरलेलं दूध फुटतं. नळीत गुठळ्या झाल्या. त्याने दुसऱ्यांदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं, मग टँकरचं झाकण लावून घेतलं आणि म्हणाला, "हे मी नेणार नाही." एवढंच बोलून तो गाडी वळवायला लागला.

टाकीची तोटी उघडावी लागली. नऊशे लिटर दूध गटारातून बाहेर निघालं, बांधाच्या कडेने पांढरं पांढरं वाहत गेलं आणि कोरड्या जमिनीत थोडं पुढे जाऊन थबकलं. गावची कुत्री आधी धावली, मग तीही वास घेऊन बाजूला झाली. त्रेचाळीस घरांचं दोन दिवसांचं दूध होतं ते. ज्यांनी पहाटे उठून धारा काढल्या होत्या ती माणसं काठावर उभी राहून बघत होती. काकींच्या हातात ब्रश होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

दुपारी आखणीवाला आला. संध्याकाळच्या संकलनाआधी शेडमध्येच सभा भरली. पत्र्याखाली माणसं घामाने निथळत होती. संघाचा निरोप त्याने आधी सांगितला, की पुन्हा असं झालं तर टाकी उचलली जाईल. मग तो तक्त्यासमोर उभा राहिला आणि एकेक ओळ तपासत गेला. गारवा बरोबर होता का? टाकीच्या काट्याची नोंद होती, बरोबर होता. वीज गेली होती का? नाही. तपासणी? सगळ्या चिठ्ठ्या होत्या, एकही नापास नव्हती. शेवटी एकच ओळ राहिली. त्याने ती मोठ्याने वाचली नाही, पण वाचायची गरजही नव्हती. सगळ्यांच्या माना काकींकडे वळल्या.

"धुलाई," मोठा गोठेवाला म्हणाला. "दुसरं काय असणार?"

सचिव म्हणाले की काकींनी पुष्कळ केलं संस्थेसाठी, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही, पण वय झालं आता, वाकणं होत नाही, कोपरे राहत असतील. दुसरं माणूस बघावं लागेल. कुणीतरी मागून म्हणालं की आजपासूनच बघा. काकींनी नवऱ्याकडे पाहिलं. तो शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसला होता आणि आपल्या गुडघ्याकडे बघत होता. एवढ्या माणसांत एकाने तरी म्हणावं, की ही बाई कोपरा सोडणाऱ्यातली नाही. कुणी म्हटलं नाही.

"काकी, तुम्हाला काही सांगायचं आहे का?" आखणीवाल्याने विचारलं.

काकी उठल्या. बोलायच्या आधी त्यांनी हात पुढे केले, तळवे वर करून. बोटांची टोकं लाल, नखांशी चिरा, चिरांत वाळलेलं रक्त.

"टाकी मी धुतली. कोपऱ्यांसकट," त्या म्हणाल्या. "पण साहेब, तुमच्या यादीत एक काम राहिलंय. चूक माझी आहे. मी सांगितलं नाही."

"कोणतं काम?"

"मी झाकणं हुंगते."

शेडमध्ये हशा पिकला. आखणीवाला हसला नाही. त्याने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," काकी म्हणाल्या. सचिवांनी बजावलं होतं हे त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. सचिवांनी ते पाहिलं आणि रुमालाने मान पुसली.

मग म्हाताऱ्या माणसांपैकी एकाने सांगायला सुरुवात केली, की पूर्वी असं असं व्हायचं, आठवड्याला दोन-तीन कॅन तरी परत जायचे. दुसऱ्याने त्यात भर घातली. आखणीवाला ऐकत राहिला. यंत्र दुधातला स्निग्धांश सांगतं, पाणी सांगतं, दूध नुकतंच फिरायला लागलंय हे मात्र यंत्र सांगत नाही, असं तो हळूच म्हणाला, आणि ते जास्त करून स्वतःलाच म्हणाला. पूर्वी एक कॅन नासला तर एकच नासायचा. आता एकाने सगळी टाकी जाते. त्याने ठरवलं की आज संध्याकाळी काकी झाकणं तपासतील, यंत्रही तपासेल, आणि काकी ज्याला बाजूला म्हणतील ते दूध जागच्या जागी उकळून बघायचं.

"आणि चुकल्या तर?" मोठ्या गोठेवाल्याने विचारलं. "एक जरी कॅन उगीच बाजूला काढला तर आजच घरी बसायचं. मान्य असेल तर बोला."

असली अट घालायची गरज नाही, असं आखणीवाला म्हणायला लागला होता. काकींनी त्याला थांबवलं.

"चालेल," त्या म्हणाल्या.

बोलून तर बसल्या, पण जागेवर उभं राहिल्यावर त्यांना नाकाचा भरवसा वाटेना. जवळजवळ दोन महिने नाक सोड्यात बुडालेलं होतं. बोटांनाही त्याचाच वास, पदरालाही त्याचाच. त्यांनी चार वेळा गार पाण्याने तोंड धुतलं, नाक शिंकरलं, आणि झाकण धरायला सचिवांच्या सुनेकडून धुतलेलं स्वच्छ फडकं मागून घेतलं. सुनेने ते दोन्ही हातांनी दिलं.

पहिलं झाकण आलं. काकींनी ते नाकाशी नेलं आणि एक क्षण काहीच आलं नाही. कोरं. त्यांनी तोंड फिरवून श्वास सोडला आणि पुन्हा घेतला. मग हळूहळू आलं, गाईच्या अंगाचं, वैरणीचं, कोमट, गोडसर. "घाला." दुसरं आलं. तिसरं मोठ्या गोठेवाल्याचं होतं. त्याने झाकण हातात दिलं नाही, लांबूनच पुढे केलं. काकींनी जरा वाकून वास घेतला. दूध स्वच्छ होतं. सगळे बघत होते. 'बाजूला' एवढा एक शब्द म्हटला असता तर दीड महिन्याचं उट्टं निघालं असतं, निदान दूध उकळून होईपर्यंत तरी. "घाला," त्या म्हणाल्या.

दहा झाले, वीस झाले. टाकीत दूध पडल्याचा आवाज येत होता, यंत्र चिठ्ठ्या टाकत होतं, आणि काकी एकाही कॅनला बाजूला म्हणत नव्हत्या. रांगेत कुजबुज सुरू झाली. बाई घाबरली, सगळ्यांनाच पास करत सुटली, असं कुणीतरी म्हणालं. काकींना ते ऐकू आलं.

एकोणतिसावा कॅन नवऱ्याचा होता. त्याने तो दोन्ही हातांनी पुढे सरकवला, झाकण उघडलं, उलटं केलं आणि बायकोच्या हातात दिलं, तिच्या तोंडाकडे न बघता. काकींनी ते नाकाशी नेलं आणि त्यांना लगेच कळलं. बारीक, आंबूस, ओल्या फडक्यासारखा. त्यांनी झाकण खाली घेतलं आणि पुन्हा वर नेलं. तोच.

तेवढ्यात काय काय मनात येऊन गेलं. घाला म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. यंत्र पास करणार होतंच. टाकी गार होती, एवढंसं दूध तिने धरूनही ठेवलं असतं कदाचित. आणि बाजूला म्हटलं, तर गावाची टाकी धुणाऱ्या बाईच्या घरचंच दूध नासकं, हे सगळ्या गावाच्या तोंडी होणार होतं. समोर चाळीस माणसं उभी होती आणि त्यात तो एक माणूस, लंगडत लंगडत कॅन घेऊन आलेला. काकींना त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याची दयाही आली.

"बाजूला," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने मान वर केली. "अगं, आपलं आहे."

"माहीत आहे. बाजूला ठेवा."

सचिवांच्या सुनेने नमुना लावला. "काकी," ती चाचरत म्हणाली, "यंत्र तर चांगलं म्हणतंय." मोठा गोठेवाला दोन पावलं पुढे आला. आखणीवाल्याने काचेच्या नळीत दूध घेतलं आणि स्टोव्हवर धरलं. दूध कडेने बुडबुडलं, क्षणभर तसंच राहिलं, आणि मग फुटलं. पाणी वेगळं, गुठळ्या वेगळ्या. त्याने नळी उंच धरून सगळ्यांना दाखवली.

मग मोठा गोठेवाला म्हणाला, "म्हणजे सकाळची टाकी पण यांनीच नासवली."

"असेल," काकी म्हणाल्या. "तेव्हा मी हुंगलं नव्हतं. हुंगलं असतं तर कुणाचं ते कळलं असतं."

नवऱ्याने झाकण लावलं, कॅन उचलला आणि रांगेच्या कडेने परत निघाला. भरलेला कॅन आणि तो गुडघा, दर पाच पावलांवर त्याला थांबावं लागत होतं. कुणी हात लावायला पुढे झालं नाही, काकींनाही जाता येईना. मागे चौदा जण उरले होते. तिसावा माणूस पुढे आला, त्याने न सांगता झाकण उलटं केलं आणि काकींच्या हातात ठेवलं. मग एकतिसावा, बत्तिसावा.

सगळं आटोपल्यावर आखणीवाला हिरवं पेन घेऊन तक्त्याकडे गेला आणि तिथे घुटमळला. "काय लिहू? गंधपरीक्षण?"

"हुंगणे लिहा," काकी म्हणाल्या. "लोकांना कळलं पाहिजे."

घरी पोचल्या तेव्हा अंधारायला लागलं होतं. नवरा गोठ्यात पाठमोरा बसला होता. कॅन दाराशी तसाच होता. काकींनी दूध ओतून दिलं, कॅन आडवा केला आणि गळ्याच्या आतल्या वळीत बोट फिरवलं. बोटाला चिकट थर लागला. वरवर चकचकीत, आणि आत हा असा. गार पाण्याने विसळत होता तो, दुसरं काय. गावाची टाकी चकाचक ठेवली आणि घरचा कॅन असा राहिला, याचं त्यांना रडू आलं, पण त्या रडल्या नाहीत, चुलीवर पाणी ठेवलं.

"कुणाचं निघालं गं?" दाराशी बसलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"आपलं."

सासूबाईंनी हात पुढे केला. काकींनी झाकण दिलं. म्हातारीने ते नाकाशी धरलं, डोळे मिटले, जे तसेही काही कामाचे नव्हते, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "हे आजचं नाही. तीन-चार दिवसांचं साचलंय."

गोठ्यात गाईने पाय आपटला. नवऱ्याची पाठ तशीच होती, पण त्याने ऐकलं होतं. काकींनी उकळतं पाणी कॅनमध्ये ओतलं आणि वळीत ब्रश घातला. थोड्या वेळाने नवरा लंगडत आला, समोर खाली बसला, पाय लांब केला आणि कॅन दोन्ही हातांनी धरून ठेवला, म्हणजे तो हलू नये. घासून झाल्यावर त्याने स्वतः वळीत बोट फिरवलं आणि ते हुंगलं. त्याला काही कळलं की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागायच्या आधीच तो शेडमध्ये हजर होता. नेहमी मध्ये कुठेतरी उभा राहणारा माणूस, आज पहिला. मागे माणसं जमली, सचिव आले, मोठा गोठेवाला आला. आखणीवाला रात्री सचिवांकडेच राहिला होता, तोही आला. नवऱ्याने कॅन कठड्यावर ठेवला, पण झाकण उघडलं नाही. तो लोकांकडे वळला.

"कालची टाकी माझ्या कॅनने नासली," तो म्हणाला. "कॅन मी धुतला होता. हिने नाही. ही इथली टाकी धूत होती."

मोठ्या गोठेवाल्याने तोंड उघडलं, पण बाजूच्या म्हाताऱ्याने त्याच्या दंडाला हात लावला आणि ते राहून गेलं. सचिव तक्त्याकडे बघत होते, तिथे शेवटच्या ओळीत हिरव्या अक्षरात काकींचं नाव होतं.

नवऱ्याने झाकण उघडलं, उलटं केलं आणि या वेळी काकींच्या तोंडाकडे बघत त्यांच्या हातात दिलं. काकींनी फडक्याने धरून ते नाकाशी नेलं. सगळ्यांच्या झाकणांपेक्षा जास्त वेळ धरलं.

"घाला," काकी म्हणाल्या.

त्याने कॅन तिरपा केला. दूध टाकीत पडायला लागलं तशी काकींनी हात पुढे करून दुसऱ्याचं झाकण मागितलं.